वाचकांचे प्रश्न : तांदळाची पिठी, हळद आणि कॉफी

प्रश्न : पुठ्ठ्यावर गेरू लावून तांदळाच्या पिठाने वारली चित्र काढलं. आठवड्याभरात रेषा सुटायला लागल्या. दुसऱ्या वेळी पीठ शिजवून वापरलं, तर रेषा पांढऱ्याच दिसेनात. वरून व्हार्निश मारलं तर टिकेल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : व्हार्निश अजिबात मारू नका. कच्च्या पिठीच्या कणांमध्ये हवा असते, त्यामुळे उजेड विखुरतो आणि रेषा पांढरी दिसते. व्हार्निश ती जागा भरून काढतं आणि रेषा काचेसारखी पारदर्शक होऊन गेरूत विरून जाते. पीठ शिजवल्यावरही असंच होतं. त्याची खळ होते आणि पांढरेपणा जातो.

आता रेषा का सुटतात ते बघू. चित्राच्या मोकळ्या जागेवर कोरडं बोट फिरवा. बोट लाल झालं तर दोष गेरूचा. नुसत्या पाण्यात कालवलेला गेरू वाळला की पुन्हा भुकटीच होतो आणि पिठी त्या भुकटीसकट गळते. चार चमचे गेरू भरपूर पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा, खडे तळाशी बसले की वरचं गढूळ पाणी फडक्यातून गाळून घ्या. गेरू खाली बसल्यावर वरचं पाणी काढून टाका, तळाच्या गेरूत चमचाभर फेविकॉल घालून पातळ दोन हात द्या. मागच्या बाजूलाही एक हात हवाच, नाहीतर पुठ्ठा वाकतो.

बोट स्वच्छ राहिलं तर पिठीतला डिंक तपासा. रेषा पावडर होऊन झडत असेल तर डिंक कमी पडला. खपली होऊन कडेने उचलली जात असेल तर जास्त झाला, कारण डिंक वाळताना आकसतो. तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखे वाटा आणि मलमलीतून गाळा. बाभळीचा डिंक दुप्पट पाण्यात विरघळवून ठेवा. चार चमचे पिठीला या पाण्याचा एक चमचा पुरतो. बांबूच्या काडीचं टोक ठेचून रेषा काढा. ओली असताना रेषा फिकी दिसते, ती वाळल्यावर उजळते. घाईने दुसरा थर दिला तर जाड होऊन तडकते. पिठी त्याच दिवशी संपवा, उरलेली आंबते.

पालघर-डहाणूच्या पाड्यांवर लग्नाचा चौक, म्हणजे विधीचं चौकोनी चित्र, भिंतीवर लिहिला जातो तो त्या लग्नापुरता, तो वर्षानुवर्षं टिकावा अशी अपेक्षाच नसते. जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, 2011) यांच्यासारख्या कलाकारांनी ही चित्रं कागद-कापडावर आणली, तेव्हा टिकण्याचा प्रश्न आला. तुमचं चित्र काचेच्या फ्रेममध्ये ठेवा, पण काच चित्राला टेकू देऊ नका. पिठीला कसर लागते, म्हणून फ्रेमची मागची बाजू कागदी टेपने बंद करा.

प्रश्न : हळदीने रंगवलेलं पिवळं उडालं, आणि चुन्याच्या भिंतीवर तर लालसर झालं. असं का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. तुरटी, डिंक, काही घातलं तरी फरक थोडाच पडतो. चुन्यासारख्या क्षारात ती लाल होते, पूर्वापार कुंकू याच गुणावर बनतं. पिवळं टिकवायचं असेल तर पिवडी वापरा. ती माती आहे, उन्हाने उडत नाही आणि चुन्यातही बदलत नाही.

प्रश्न : कॉफीने काढलेलं चित्र पावसाळ्यात चिकट होतं. (वाचक, ठाणे)

उत्तर : गडद छटेसाठी घट्ट कॉफी लावली असणार. तो थर हवेतला ओलावा ओढतो. इन्स्टंट कॉफी, तीही शक्यतो चिकोरी नसलेली, अर्धा चमचा पावडरीला दोन चमचे पाणी इतकी पातळ घ्या. गडद भागासाठी चार-पाच थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. पुढचा थर देताना ब्रश एकदाच फिरवा, घासलात तर खालची कॉफी विरघळून डाग पसरतो. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, जलरंगाचा असावा.