बूट पार्टिशन खराब झालंय. दुरुस्त करावं की सरळ फॉरमॅट मारावा?

दुरुस्त करा. दुकानदाराने ‘फॉरमॅटच मारावा लागेल’ म्हटलं, असं तुम्ही लिहिलंय. त्याला एवढंच विचारा, की बूट पार्टिशनमध्ये माझं असतं काय? यूईएफआय मशीनवर, म्हणजे हल्लीच्या कॉम्प्युटरवर, ते बहुधा १०० एमबीचं, फॅट-३२चं पार्टिशन, डिस्कचा छोटासा वेगळा कप्पा. विंडोज कुठून उचलायचं तेवढं त्यात असतं. तुमचे फोटो नि हिशेब तिकडे नसतातच.

आमच्या गोव्यातल्या सांखळीत थोरल्या चुलतभावाचं हार्डवेअरचं, म्हणजे लोखंडी सामानाचं, दुकान आहे. मृगाच्या पावसात ऐन अपडेट चालू असताना वीज गेली, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. नंतर स्क्रीनवर एकच रड, बूट डिव्हाइस सापडत नाही. रिपेरवाल्याने मशीन उघडायच्या आधीच फॉरमॅट सांगितला, वर ‘डेटाची गॅरंटी नाही’. दादा तयारही झाला! टॅलीत सगळ्या गावाची उधारी, आणि हा तयार.

मी उबंटूचा पेन ड्राइव्ह लावला, म्हणजे विंडोजशिवायच मशीन चालू केलं. टॅलीचं फोल्डर समोर उघडलं, ते आधी बाहेरच्या डिस्कवर घेतलं. बूट पार्टिशन जागेवर होतं, फक्त आतलं मायक्रोसॉफ्टचं फोल्डर रिकामं. मग विंडोजचा इन्स्टॉल पेन ड्राइव्ह लावून शिफ्ट-एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडली, डिस्कपार्टमध्ये त्या पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर दिलं आणि बूट फाइल्स पुन्हा लिहिणारं बीसीडीबूट चालवलं. इथे एक मेख आहे. तिथे सी म्हणजे तुमचा सी असेलच असं नाही, दादाचं विंडोज डी वर दिसत होतं. आधी डीआयआर (फोल्डरची यादी दाखवणारी कमांड) मारून विंडोजचं फोल्डर कुठे आहे ते बघा, मगच कमांड. बूट फाइल्स तयार झाल्याचा मेसेज आला, मशीन चालू. चहा निवायच्या आत.

बूटरेक-फिक्सबूट या दुसऱ्या दुरुस्ती-कमांडच्या नादी लागू नका, यूईएफआयवर ते बरेचदा ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणून हात वर करतं. जुनं बायॉसवालं मशीन असेल तर मात्र तेच वापरायचं.

हां, एक राहिलं, खरं तर हे आधी सांगायला हवं होतं. डिस्क कट-कट वाजत असेल, किंवा स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढत असतील, तर दुरुस्ती नाही नि डिस्क तपासणारं चेकडिस्क तर नाहीच. डेटा काढा, डिस्क बदला. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा, बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते.

दादाचं अजून पालुपद आहे, ‘फॉरमॅट मारला असता तर मशीन फास्ट झालं असतं.’ अरे दादा, ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क, फॉरमॅट मारून काय पंख फुटणार आहेत? एसएसडी घाल म्हणून कधीपासून सांगतोय, तर म्हणतो, चवथ (गणेशचतुर्थी) होऊन जाऊ दे, मग बघू.