खरं बोलणारी नायिका

प्रश्न: मी अकरावीत आहे. जादुई नगरीवर कादंबरी लिहितेय. तिथे खोटं बोलणाऱ्याला मान मिळतो, नायिका मात्र खरंच बोलते. आई म्हणते, ती आगाऊ वाटते. काय करू? (सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर: आईचं बरोबर आहे, नाइलाज आहे! युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, ‘नरो वा कुंजरो वा’ झालं आणि तो टेकला. गंमत म्हणजे अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मेला होता. तुझ्या नायिकेला असा एखादा हत्ती दे. नगरीचा इतिहास सांगत बसू नकोस. तुळशीबागेत तासभर उभी राहा. ‘ताई, तुमच्यासाठी म्हणून हा भाव’ हे खोटं दोघांनाही ठाऊक असतं, तरी कुणी रागावत नाही. पहिलं प्रकरण तिथूनच उचल.