माळ खिळ्याला, देव दाराबाहेर

पत्र थोडक्यात: 'मावशी, वय २९, परभणी जिल्हा. आजोबांच्या हातून लहानपणीच माळ घातली. लाईट रात्रीची, म्हणून गव्हाला पाणी द्यायला, दारं धरायला शेतातल्या आखाड्यावर मुक्काम. तिथं मोबाईलवर घाणेरडे व्हिडिओ बघायची सवय लागली, ती सुटेना. कॉलेजच्या हॉस्टेलातल्या पोरांनी हा नाद लावला. माळेची विटंबना नको म्हणून आधी माळ काढून खिळ्याला अडकवतो. दर एकादशीला शपथ घेतो, ती मोडते. परवा बघत बसलो न् पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं, भांडण झालं. बायकोजवळ मन लागत नाही. माघीला पांडुरंगाच्या पायावर हात ठेवून शेवटची शपथ घेऊ का? मी पापी का रोगी?'

लेकरा,

हॉस्टेलच्या पोरांवर तू दीड पान लिहिलंस, स्वस्त नेटवर अर्धं. त्यांच्याबद्दल माझ्याकडून एक ओळ मिळणार नाही. ती पोरं आपापल्या संसाराला लागली असतील, आखाड्यावर तू एकटा आहेस. माळेचं मात्र तू एका वाक्यात उरकलंस, आणि मी तिथंच अडले.

माळ आधी निघते, मोबाईल नंतर. लाईट आली, मोटार चालू केलीस, बाजेवर टेकलास, हात गळ्याशी गेला. अजून तू काहीच बघितलेलं नाहीस, पण गाडी सुटलेली आहे. (लाईट रात्रीच का येते, यावर मला वेगळं भांडायचंय, ते पुन्हा कधी.) रशियात पाव्हलॉव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते, १९०४ चं नोबेल मिळालेले. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना खाणं आणणाऱ्या माणसाची नुसती चाहूल लागली तरी लाळ सुटायची. दरवेळी जे आधी घडतं, त्यालाच शरीर जागं होतं. तुझ्या शरीराला आता व्हिडिओ लागत नाही. खिळ्यावर मणी वाजले की पुरे. पाप टाळायला म्हणून जे करतोस, तीच तुझ्या सवयीची पहिली पायरी झाली आहे.

मला राग येतो तो इथं. हा कोणता देव रे, ज्याला तू फक्त आंघोळ करूनच भेटतोस? गंगाखेड तुझ्याच जिल्ह्यात. तिथल्या जनाबाईच्या जात्यावर विठ्ठल दळायला बसला, तिच्यासोबत गोवऱ्या वेचल्या, हे आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. शेणात हात घालणाऱ्या देवाला तुझ्या मोबाईलचा विटाळ होईल? विटाळ-बिटाळ काही नाही, तुला सोय पाहिजे. माळ खिळ्याला असली की बघणारा कुणी दुसराच असतो, माळकरी नसतो. सकाळी आंघोळ, माळ, डोळ्यांत पाणी, शपथ. मन हलकं झालं की पुढच्या रात्रीला जागा मोकळी. तुझी शपथ या फेऱ्याच्या बाहेर नाही, ती त्यातलाच शेवटचा टप्पा आहे. म्हणून माघीला शपथ घ्यायची नाही. पंढरपूरला खुशाल जा, दर्शन घे, चुरमुऱ्याचा प्रसाद आण.

पापी का रोगी? जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली. लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणं हा विकार म्हणून तीत नोंदला आहे. मात्र 'हे वाईट' अशी नुसती टोचणी लागली म्हणून कुणी रोगी ठरत नाही, हेही तिथंच म्हटलंय. तुझं टोचणीच्या पुढं गेलंय: पाणी दुसऱ्याच्या वावरात गेलं, आणि बायको घरात असून लांब झाली. तेव्हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यावर मदत करणारा, १४४१६ हा सरकारी नंबर लाव. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. परमार्थ आणि डॉक्टर यांचं भांडण नाही, ते लावणारे वेगळेच असतात.

माझं सांगणं मात्र एकच, आणि आज रात्रीपासून. माळ काढायची नाही. खिळा पकडीनं उपटून टाक. बघू नकोस, असं मी म्हणतच नाही. बघायचंच असेल तर माळ गळ्यात ठेवून बघ. हात गळ्याशी जाईल, जाणारच. तो तिथंच राहू दे, मणी धर आणि मोठ्यांदा बोल, 'पांडुरंगा, मला आत्ता बघावंसं वाटतंय.' लाज वाटेल. वाटू दे, वावरात ऐकायला कोण आहे? तुझ्यासाठी सध्या हेच नामस्मरण. तलफ चढते तशी उतरतेही. तुला ते माहीत नाही, कारण तू तिला कधी उतरूच दिली नाहीस. ती अंगात असेपर्यंत बाजेवर बसायचं नाही. फावडं घे, दारं मोड.

काही रात्री जमणार नाही. त्या रात्रीनंतर उपास नाही, रडारड नाही, कान धरणं नाही. चहा घ्यायचा आणि कामाला लागायचं. माळ रात्रभर गळ्यातच होती, तेव्हा सकाळी नव्यानं घालायचं काही उरत नाही.