अर्ध्या बँडची अडचण

परदेशी जायचे म्हणून अर्ज केला, पैसे भरले, नातेवाइकांना सांगून झाले. आता मनच तयार होत नसेल तर मागे कसे फिरायचे, ही चिंता घेऊन अनेक जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात, मात्र क्वचितच ती अशा स्पष्ट शब्दांत मांडतात. नाशिकच्या एक प्राध्यापिका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) आल्या त्या परीक्षेच्या भीतीची तक्रार घेऊन.

कॅनडात स्थायिक होऊ पाहणाऱ्यांची गुणांवर निवड करणाऱ्या एक्स्प्रेस एंट्री या योजनेत पतीपेक्षा त्यांचे गुण जास्त भरत असल्याने कन्सल्टंटने त्यांनाच मुख्य अर्जदार केले होते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, बोलणे या तिन्हींत ८ बँड (म्हणजे श्रेणी). लेखनात मात्र तीनदा परीक्षा देऊनही ६.५, आणि हवे होते ७. त्या अर्ध्या बँडपायी एक्स्प्रेस एंट्रीचे पन्नासच्या आसपास गुण अडले होते. त्यात जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला ३३व्या वर्षी वयाचे ८० गुण मिळतात आणि ३४व्या वर्षी ७५. त्यांचा वाढदिवस दोन महिन्यांवर आला होता आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पतीने त्या तारखेभोवती लाल गोल काढला होता.

आधी मीही फसले. दोन सत्रे श्वसनाच्या व्यायामात आणि वेळेच्या नियोजनात गेली. तिसऱ्या सत्रात शेवटच्या पेपरविषयी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "समारोपाचा परिच्छेद राहिला. वेळ होता, पण पेन खाली ठेवलं." मी विचारले, "उद्या ७ बँड आला, तर पहिला फोन कोणाला कराल?" बऱ्याच वेळाने उत्तर आले, "प्राचार्यांना. राजीनाम्याचं सांगायला. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर काढली मॅडम, गेल्या जूनमध्ये कायम झाले."

सासऱ्यांनी मुदत ठेव मोडली होती, कॅनडात ब्रॅम्प्टनला राहणाऱ्या दिरांनी बेसमेंट रिकामे ठेवले होते आणि सातपूरच्या कारखान्यात पतीच्या नोकरीचा भरवसा राहिला नव्हता. इतक्या उपकारांखाली "नको" हा शब्द तोंडातून निघत नाही. तो मग उत्तरपत्रिकेत उतरतो.

पुढच्या सत्राला पतीलाही बोलावले. फायद्या-तोट्यांचा तक्ता मी करून घेत नाही, कारण ज्याचा आवाज मोठा, त्याचाच रकाना भरतो. त्याऐवजी दोघांना तिकडचा एक साधा मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत लिहायला सांगितला. पतीने दोन पाने भरली. प्राध्यापिकेचा मंगळवार मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवण्यापाशी थांबला. खाली पान कोरे.

"यायचं नाही, हे सांगायला तीन परीक्षा दिल्यास?" पतीचा पहिला राग फीच्या पैशांचा होता, आणि तो मी अडवला नाही. राग ओसरल्यावर त्यांनी कबूल केले, की फाइल टाकल्यापासून आपण इथे नोकरी शोधणेच सोडले आहे.

पीआर, म्हणजे कॅनडातल्या कायम वास्तव्याचा हक्क, टिकवायला ५ वर्षांत ७३० दिवस तिथे राहावे लागते, हे दोघांना ठाऊक होते; त्यातून काही मधला मार्ग निघतो का, यावर ती दोघे प्रथमच बोलली. वाढदिवस झाला, ५ गुण गेले. चौथ्या परीक्षेचा अर्ज भरलेला नाही, फाइलही मागे घेतलेली नाही. पती सध्या चाकणला मुलाखती देत आहेत.