ताकायामाला निघण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जपानातल्या ताकायामासाठी एकच दिवस ठेवून त्यात तू सात ठिकाणे कोंबली आहेस, हे वाचून मला माझी पहिली खेप आठवली. त्या वेळी मी तिथली दोन्ही व्यापारी घरे दीड तासात उरकली होती. परतल्यावर छायाचित्रे पुष्कळ होती, पण स्वयंपाकाची जागा कोठे होती हे काही केल्या सांगता येईना. तेव्हा यादीतली निम्मी नावे आजच खोड.

सकाळी प्रथम ताकायामा जिन्या ही जुनी कचेरी पाहा. १६९२ मध्ये शोगुनांनी, म्हणजे जपानच्या लष्करी शासकांनी, ताकायामाचा हिदा प्रांत थेट आपल्या अमलाखाली घेतला आणि पुढे येथूनच कारभार चालू लागला. पैसा व्यापाऱ्यांच्या गाठीला, मान मात्र सामुराई योद्ध्यांचा, अशी ती व्यवस्था होती. व्यापाऱ्याने घर किती उंच बांधावे आणि त्याला कोणते लाकूड लावावे, यावरही निर्बंध असत. हे ध्यानात घेतलेस म्हणजे रस्त्याच्या बाजूने ही घरे इतकी ठेंगणी, काळपट आणि अबोल का दिसतात, ते वेगळे सांगावे लागणार नाही.

सानमाची या जुन्या व्यापारी वस्तीच्या गल्ल्या देखण्या आहेत, पण तेथे गर्दी फार, आणि बहुतेक प्रवासी तेथूनच माघारी फिरतात. तू एनाको नदी ओलांडून उत्तरेकडे जा. तेथे कुसाकाबे आणि योशिजिमा ही घरे शेजारीशेजारी उभी आहेत. १९६६ मध्ये दोन्हींना राष्ट्रीय पातळीवर महत्त्वाच्या सांस्कृतिक संपत्तीचा दर्जा मिळाला.

कुसाकाबेंचे जुने घर १८७५ च्या आगीत गेले आणि आजचे १८७९ मध्ये उभे राहिले. तोवर शोगुनांची सत्ता जाऊन सम्राटाची मेइजी राजवट आली होती आणि जुने निर्बंध सुटले होते. म्हणून आत शिरल्यावर लगेच पुढे सरकू नकोस. मातीच्या जमिनीवर उभी राहून वर पाहा. बाहेरून दबलेले वाटणारे घर आत छपरापर्यंत मोकळे आहे, आणि जाडजूड तुळया एकमेकींत गुंतवून सुतारांनी सगळा भार उघड मांडून ठेवला आहे. हिदाचे सुतार पूर्वापार नामांकित. नारा काळात, म्हणजे आठव्या शतकात, हा प्रांत कराऐवजी आपले कारागीरच राजधानीला पाठवीत असे.

योशिजिमा हे साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणाऱ्यांचे घर. १९०५ च्या आगीनंतर ते १९०७ मध्ये पुन्हा बांधले गेले. माझे मन येथे अधिक रमते, हे कबूल करतो. उंचावरच्या खिडक्यांतून येणारा उजेड मधल्या खांबावरून हळूहळू खाली सरकतो. तो पाहायला अर्धा तास बैस. वहीत काही उतरवायचे ते त्यानंतर.

पाठीवरची पिशवी दारातून आत जाताना पुढे घे, नाहीतर कागदी सरकत्या दारांना तिचा धक्का लागतो. उंबरठ्यावर आणि तातामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईच्या, काठावर पाय देऊ नकोस. तू जानेवारीत निघणार म्हणतेस, तर मोज्यांचे दोन जोड चढव; पादत्राणे दाराशीच काढावी लागतात आणि त्या गुळगुळीत फळ्या बर्फासारख्या गार असतात.

तुझा हितचिंतक