पेट्रोल भरायचं बंद केलं तर भाव उतरेल का?

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, अमुक तारखेला कोणीच पेट्रोल-डिझेल भरायचं नाही, एका दिवसात कंपन्यांचं हजारो कोटींचं नुकसान होईल आणि भाव झक मारत खाली येतील. आमच्याकडे पेट्रोल मुंबईपेक्षाही महाग, लोक आधीच वैतागलेत, मी पण चारपाच ठिकाणी फॉरवर्ड केला. मुलगा म्हणतो बाबा याने काही होत नाही. खरं काय समजायचं?
— एक वाचक, परभणी

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय. पण "काही होत नाही" एवढ्यावर विषय सोडू नका, का होत नाही ते बघण्यासारखं आहे. मुळात हा मेसेज आपल्याकडचा नाहीच. अमेरिकेत ३० एप्रिल १९९९ ला असाच "आज कोणी गाडीत भरू नका" दिवस ठरला होता, तो ईमेलवरून फिरला, व्हॉट्सअॅप यायला तेव्हा दहा वर्षं बाकी होती. भाव काही पडला नाही, मेसेज मात्र अजून जिवंत आहे.

आता तुमच्या गावातल्या पंपावर त्या दिवशी काय होईल ते बघू. आदल्या रात्री लाइन लागेल, कारण उद्या भरायचं नाही ना, मग आजच टाकी फुल करून ठेवू. दुसऱ्या दिवशी पंपावरची पोरं मोबाइल बघत बसतील. तिसऱ्या दिवशी सकाळी परत लाइन. तीन दिवसांची बेरीज केली की विक्री जवळपास तेवढीच, कारण गाडी चालवायची कोणी थांबवलीच नाही, फक्त भरायचा दिवस बदलला. आणि पंपवाला माल कसा आणतो तेही माहीत हवं. त्याने इंडेंट (मालाची मागणी) टाकायचा, पैसे आधी कंपनीच्या खात्यात भरायचे, मग डेपोतून बारा हजार किंवा वीस हजार लिटरचा टँकर सुटणार. म्हणजे तुम्ही ज्या दिवशी भरत नाही त्या दिवशी जमिनीखालच्या टाकीत पडून असलेल्या मालाचे पैसे कंपनीला कधीच मिळालेले असतात, एक्साइज म्हणजे केंद्राचा कर आणि व्हॅट म्हणजे राज्याचा, तेही वरच्यावर कंपनीकडूनच वसूल होतात, पंपवाला लिटरमागे ठरलेल्या कमिशनवर बसलेला असतो. तुमच्या एका दिवसाच्या रागाचा फटका बसलाच तर त्याला, आणि तोही तिसऱ्या दिवशी भरून निघतो.

यावर कोणीतरी म्हणेलच, एक दिवस नको, महिनाभर करू, अख्ख्या देशाने करू. तर ते सुद्धा झालंय की! एप्रिल २०२० आठवा. लॉकडाऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, त्या महिन्यात देशातली पेट्रोलची विक्री साठ टक्क्यांच्या आसपास पडली, डिझेलचीही निम्म्याहून जास्त. एवढा कडक बहिष्कार कुठल्याही ग्रुपच्या अॅडमिनला जमणार नाही. जगभर तीच परिस्थिती, ब्रेंट क्रूड (कच्चं तेल) पिंपाला २० डॉलरच्या खाली गेलं, अमेरिकेत तर २० एप्रिलला एका दिवसापुरता भाव शून्याच्याही खाली, म्हणजे माल घेऊन जा आणि वर पैसे घ्या. आणि मुंबईत? १ एप्रिलला पेट्रोल ७६ रुपये ३१ पैसे होतं, जूनअखेर ८७ च्या वर. मागणी पडली, क्रूड पडलं आणि आपला भाव चढला!

झालं असं की केंद्राने आधी मार्चमध्ये एक्साइज तीन रुपयांनी वाढवली, मग मे महिन्यात पेट्रोलवर एकदम दहा आणि डिझेलवर तेरा रुपये. पेट्रोलवरची एक्साइज ३२ रुपये ९८ पैसे झाली. राज्यानेही एप्रिलमध्ये एक आणि जूनमध्ये दोन रुपये वाढवले. क्रूड स्वस्त झाल्याचा फायदा असा मधल्यामधे तिजोरीत गेला, आणि ७ जूनपासून कंपन्यांनी रोज पन्नास-साठ पैसे चढवायला सुरुवात केली. सरकारची बाजू अशी की धंदे बंद, जीएसटी येत नाही, पैसा आणायचा कुठून, आणि त्यात तथ्य आहेच, पण मुद्दा काय तर विक्री कमी झाली की कराचं उत्पन्न कमी होतं आणि मग लिटरमागचा कर वाढवायचा मोह होतो. बहिष्काराचा परिणाम उलटाही होऊ शकतो तो असा.

कागदावर बघितलं तर भाव सरकार ठरवतच नाही. पेट्रोल जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झालं, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला नवा रेट अशी पद्धत आली. पण मुंबईचा रेट बघत चला. एप्रिल २०२२ मध्ये १२० रुपये ५१ पैसे. मे महिन्यात केंद्राने एक्साइज आठ रुपयांनी कमी केली तेव्हा १११.३५ (आठ कमी केले तर नऊ रुपये सोळा पैसे उतरले, कारण राज्याचा व्हॅट त्या एक्साइजवर पण लागतो, करावर कर). जुलै २०२२ मध्ये राज्याने व्हॅट कमी केला, १०६.३१. मार्च २०२४ मध्ये लोकसभा निवडणूक जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी दोन रुपये उतरले, १०४.२१. तीन वेळा भाव उतरला, तिन्ही वेळा कुठल्यातरी ऑफिसातल्या सहीने. मधे जवळपास पावणेदोन वर्षं १०६.३१ चा आकडा हललाच नाही, क्रूड खाली आलं तरी नाही, आणि २०२३-२४ मध्ये तिन्ही सरकारी कंपन्यांनी मिळून सुमारे ८१ हजार कोटींचा नफा कमावला. आदल्या वर्षी महाग क्रूड घेऊन स्वस्त विकल्याने तोटा झाला होता तो भरून काढला असं कंपन्या म्हणतात, ते अगदी खोटं नाही, पण गिऱ्हाइकाच्या हातात यातलं काय होतं? काहीच नाही.

तुमच्या परभणीचं दुखणं अजून वेगळं. तिकडे टँकर मनमाडजवळच्या डेपोतून येतो, तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, ते भाडं रेटमध्ये चढतं. यासाठी बहिष्कार नको, जवळपास डेपो हवा, ती मागणी करा.

प्रश्न : सगळ्यांवर बहिष्कार जमत नाही मान्य, पण एकाच कंपनीला धरलं तर? ती कंपनी भाव उतरवेल मग बाकीच्यांना पण उतरवावा लागेल. आणि आम्ही सीमेवरचे लोक गोव्यात स्वस्त मिळतं तेव्हा तिकडेच भरतो, हा पण बहिष्कारच झाला ना?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ही आयडिया पहिल्यापेक्षा बरीच हुशार आहे, आणि एका देशात ती खरंच करून बघितली गेलीय. मोरोक्कोत एप्रिल २०१८ मध्ये लोकांनी फेसबुकवरून तीन ब्रँड धरले, सिदी अलीचं बाटलीबंद पाणी, सेंत्राल दानोनचं दूध आणि आफ्रिकिया कंपनीचे पेट्रोल पंप. ना कुठला पक्ष, ना पुढारी. दिवस एक नाही, महिनेच्या महिने चाललं. दुधाच्या बाबतीत दणका बसला, दानोनची विक्री एवढी पडली की त्यांनी शेतकऱ्यांकडून दूध घ्यायचं तीस टक्क्यांनी कमी केलं, हंगामी कामगार काढले, पॅरिसहून बडे साहेब येऊन लोकांशी बोलले आणि शेवटी दुधाचा भाव उतरवला. (यात गोठ्यात दोन-चार गाई असलेला शेतकरी पण भरडला गेला, ते विसरायला नको.) पेट्रोलचं मात्र तसं झालं नाही. लोक आफ्रिकिया सोडून पलीकडच्या पंपावर गेले, तिकडेही भाव जवळपास तोच. दुधाला दुसरा ब्रँड आहे, नाहीतर एखादा दिवस बिनदुधाचा चहा चालतो, पण टॅक्सीवाला काय टाकून गाडी चालवणार?

पुढचं ऐका. आफ्रिकियाचे मालक अझीझ अखनूश तेव्हा मोरोक्कोचे शेतीमंत्री होते, २०२१ च्या निवडणुकीनंतर ते पंतप्रधान झाले. म्हणजे बहिष्काराने त्यांचं काय बिघडलं ते दिसतंच. पण एक झालं, इंधन कंपन्या आपसात भाव ठरवतात का या गोष्टीवर देशभर बोलणं सुरू झालं, स्पर्धा आयोगाची चौकशी रेंगाळत का होईना चालली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये नऊ इंधन कंपन्यांनी मिळून १८४ कोटी दिरहम (तिथलं चलन) भरून प्रकरण मिटवलं. त्यामुळे तिकडचा बहिष्कार अगदीच वाया गेला असं मी म्हणणार नाही, फक्त फळ पंपावर नाही लागलं.

आपल्याकडे एकाच कंपनीला धरायचं तर कोणाला धरणार? देशातले दहातले नऊ पंप इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे, तिन्ही सरकारी, तिघांच्या रेटमध्ये काही पैशांचा फरक, आणि बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या डेपोतून माल पण उचलतात. एकाला सोडून दुसऱ्याकडे गेलात तर मालक तोच. खाजगीत उरले नायरा, जिओ-बीपी, शेल. २०२२ मध्ये सरकारी पंपांचा भाव दाबून ठेवला होता तेव्हा खाजगीवाले महाग पडायला लागले, गिऱ्हाईक आपोआप पळालं, कोणाला मेसेज पाठवावा लागला नाही. उलट २०२३ मध्ये नायराने लिटरला रुपया कमी लावला, महाराष्ट्रातही, तेव्हा काही लोक तिकडे वळले. म्हणजे भावात फरक असेल तर लोक पाय वळवतात आणि त्याची दखल विकणारा घेतो. सगळीकडे एकच भाव असेल तर कुठे वळवणार?

आणि म्हणूनच तुमचं गोव्याचं उदाहरण मला जास्त आवडलं. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट वीस टक्क्यांवरून जवळजवळ शून्यावर आणला, लिटरमागे अकरा रुपयांच्या आसपास फरक पडला. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीकडच्यांना ते दिवस आठवत असतील, पत्रादेवीकडे टाकी फुल करून यायचं. पुढे गोव्याने हळूहळू व्हॅट परत वाढवला, तेवढी मजा राहिली नाही. पण या सीमेवरच्या भरण्याची गंमत अशी की यात महाराष्ट्राचा व्हॅट खरोखर बुडतो. तुम्ही गाडी चालवताय, पेट्रोल जाळताय, फक्त कर दुसऱ्या राज्याला देताय. कोल्हापूरकडून कर्नाटकात जाणारे, पालघरकडून गुजरातेत जाणारे ट्रकवाले हेच करतात, तीनशे लिटरची टाकी असलेल्या माणसाला लिटरमागचे दोन रुपये पण मोठे. सीमेवरचे पंपवाले दर बजेटच्या आधी निवेदन घेऊन जातात ते याचसाठी, आणि व्हॅट कमी करा म्हणताना हाच मुद्दा पुढे करतात. नुसत्या रागापेक्षा बुडालेल्या कराचा हिशोब अर्थखात्याला लवकर कळतो.

प्रश्न : मग सामान्य माणसाने करायचं तरी काय? नुसतं भरत राहायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : २ नोव्हेंबर २०२१ ला काही राज्यांत पोटनिवडणुकांचे निकाल लागले, हिमाचलमध्ये सत्ताधारी भाजप सगळ्या जागा हरला आणि तिथल्या मुख्यमंत्र्यांनी स्वतःच महागाईकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवाळीच्या तोंडावर, केंद्राने पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपये एक्साइज कमी केली. योगायोग म्हणायचा तर म्हणा. त्यानंतर मार्च २०२२ पर्यंत साडेचार महिने रेट हलला नाही, उत्तर प्रदेशचं मतदान उरकलं आणि २२ मार्चपासून सोळा दिवसांत दहा रुपये चढले. आता सांगा कुठला दाब लागू पडतो.

सगळेच पक्ष विरोधात असताना बैलगाडीवरून मोर्चा काढतात आणि सत्तेत आले की कर गोड लागतो. पेट्रोल जीएसटीत आणा म्हणून सगळे बोलतात, सप्टेंबर २०२१ मध्ये जीएसटी परिषदेच्या लखनौच्या बैठकीत विषय आला तेव्हा राज्यांनी, आणि ती कुठल्या एकाच पक्षाची नव्हती, नकोच म्हणून सांगितलं. म्हणून तुमच्या आमदाराला विचारायचं असेल तर "भाव कमी करा" असं मोघम विचारू नका, राज्य लिटरमागे व्हॅट आणि वरचा पाच रुपये बारा पैशांचा ठरावीक कर मिळून किती घेतं आणि तो ठरावीक भाग दुष्काळापासून करोनापर्यंत वेगवेगळ्या निमित्ताने वाढत कसा गेला, हे विचारा. उत्तर देताना गडबड उडते असा अनुभव आहे.

बाकी पेट्रोल कमी जाळलं तर स्वतःचे पैसे वाचतात, ते करा, फक्त त्याने भाव उतरेल अशी आशा ठेवू नका, जगातल्या तेलातलं आपला अख्खा देश मिळून वीसातला एक भाग वापरतो.

प्रश्न : मी पंपचालक आहे. लोकांचा बहिष्कार सोडा, ३१ मे २०२२ ला आम्हीच कंपन्यांकडून एक दिवस माल उचलला नव्हता, त्याचं कोणी का लिहीत नाही?
— एक वाचक, जिल्हा अहिल्यानगर

उत्तर : लिहितो की. २०१७ पासून कमिशन वाढलं नव्हतं म्हणून महाराष्ट्रासह बऱ्याच राज्यांतल्या डीलरांनी त्या दिवशी खरेदी बंद ठेवली, विक्री मात्र चालू, टाकीत साठा होताच. गिऱ्हाइकाला कळलं पण नाही. कमिशन शेवटी वाढलं ते ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, म्हणजे अडीच वर्षांनी. तुम्ही तर धंद्यातले, संघटना असलेले, कंपनीला रोज पैसे भरणारे लोक, तुम्हाला एवढा वेळ लागला.