‘हाउसहोल्ड’ म्हणजे कुटुंब, घर की बिऱ्हाड?

मुंबईत समाजशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. ब्रिटनमधील ‘अंडरस्टँडिंग सोसायटी’ या सर्वेक्षणाची विदा (डेटा) वापरून त्या 10 ते 15 वर्षे वयाच्या मुलामुलींच्या स्वास्थ्यावर प्रबंधिका लिहीत आहेत. तिच्या मराठी गोषवाऱ्यात त्यांनी ‘हाउसहोल्ड लाँजिट्यूडिनल सर्व्हे’साठी ‘कुटुंबांचे अनुदैर्घ्य सर्वेक्षण’ असा शब्दप्रयोग केला, तेव्हा मार्गदर्शकांनी ‘कुटुंब’ आणि ‘अनुदैर्घ्य’ या दोन्ही शब्दांखाली रेघ मारली. आता कोणते शब्द वापरावेत, असे त्यांनी विचारले आहे.

‘अनुदैर्घ्य’चा निकाल सोपा आहे. शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष असला, तरी दैर्घ्य म्हणजे लांबी आणि अनुदैर्घ्य म्हणजे लांबीच्या दिशेने जाणारा. लाकडाच्या छेदाला तो शोभतो, पण त्यातून मराठी वाचकाला काळाचा बोध होत नाही. त्याऐवजी काही जण ‘दीर्घकालीन’ लिहितात आणि तिथे मात्र खरी चूक होते. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 1992-93 पासून 2019-21 पर्यंत पाच फेऱ्या केल्या. एवढा काळ चाललेल्या सर्वेक्षणाला दीर्घकालीन म्हणायला कोणाची हरकत असणार? परंतु त्याच्या प्रत्येक फेरीत नव्याने निवडलेल्या लोकांना प्रश्न विचारले जातात. आपल्याला हवे आहे ते त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाणारे सर्वेक्षण. ‘मागोवा’ हा शब्द मला मोह घालतो, पण मागोवा बहुतेकदा होऊन गेलेल्या गोष्टींचा घेतला जातो. म्हणून ‘पाठपुरावा सर्वेक्षण’ असे म्हणावे. मंत्रालयात अर्ज अडकलेल्या माणसाला या शब्दाने घाम फुटेल, हे मान्य; तरी त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाण्याची क्रिया या शब्दात नेमकी आली आहे.

‘कुटुंब’ या शब्दाकडे मात्र निवांत पाहायला हवे. मराठीत कुटुंब नात्याने ठरते. जुन्या पिढीत तर ‘आमचे कुटुंब’ म्हणजे थेट पत्नीच. सर्वेक्षणातील ‘हाउसहोल्ड’ नात्याने ठरत नाही. भारतीय जनगणनेत सामान्यतः एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवण घेणाऱ्या व्यक्तींचा तो गट असतो. ब्रिटनच्या 2011 च्या जनगणनेत एका पत्त्यावर राहून स्वयंपाकाची सोय आणि बसण्याची किंवा जेवणाची जागा सामाईक वापरणाऱ्या व्यक्ती मिळून एक ‘हाउसहोल्ड’ होते. नाते असण्याची अट दोन्हीकडे नाही. आपली भाषा हा भेद फार पूर्वीपासून ओळखते, कारण भाऊ वेगळे झाले की आपण ‘त्यांनी वेगळी चूल मांडली’ असे म्हणतो. लालबागच्या चाळीत एकाच खोलीत पडदा लावून राहणारे दोन सख्खे भाऊ आणि त्यांच्या दोन शेगड्या, हे कुटुंब एक पण ‘हाउसहोल्ड’ दोन. उलट अंधेरीच्या सदनिकेत भाडे वाटून घेणाऱ्या आणि आळीपाळीने कुकर लावणाऱ्या चार मुली, हे ‘हाउसहोल्ड’ एक पण कुटुंब नाही.

चाळीत किती कुटुंबे आहेत असे जुना मुंबईकर विचारत नसे, ‘किती बिऱ्हाडे आहेत’ असे विचारत असे, आणि माझ्या मते हाच शब्द इथे सर्वांत जवळचा आहे. बिऱ्हाडात एक जागा आहे, एक चूल आहे, आणि विंचवाच्या पाठीवर असल्यामुळे ते हलतेही. त्याला भाडेकरूपणाचा वास आहे आणि स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारा गृहस्थ स्वतःला बिऱ्हाडकरू म्हणवून घेणार नाही, हा आक्षेप खरा आहे. सरकारी मराठीत ‘कुटुंब’ रुळले आहे, हेही खरे. मात्र या प्रबंधिकेत ‘कुटुंब’ हा शब्द आधीच दुसऱ्या कामी लागलेला आहे. मुलांच्या प्रश्नपत्रिकेत ‘तुझ्या कुटुंबाबद्दल तुला कसे वाटते’ अशा आशयाचा प्रश्न असतो. आईवडील विभक्त झालेली मुलगी उत्तर देताना दुसऱ्या गावात राहणाऱ्या वडिलांनाही मनात धरत असेल, पण तिच्या ‘हाउसहोल्ड’च्या यादीत ते नसतात. दोन्हींना कुटुंबच म्हटले, तर वाचकाला या मुलीचे उत्तर कळणारच नाही. तेव्हा मुलांच्या तोंडी ‘कुटुंब’ ठेवावे, विदेच्या धारिकेत (फाइलमध्ये) ‘बिऱ्हाड’ म्हणावे आणि पहिल्याच उल्लेखात त्याची व्याख्या द्यावी.

एवढे करूनही ‘बिऱ्हाडांचे पाठपुरावा सर्वेक्षण’ असे लिहून चालणार नाही, कारण षष्ठीचा तो प्रत्यय चुकीचे सांगतो. या सर्वेक्षणात पाठपुरावा होतो तो व्यक्तींचा. विदेत प्रत्येक व्यक्तीला एक कायमचा क्रमांक असतो आणि तो सर्व फेऱ्यांत तसाच राहतो. बिऱ्हाडाचा क्रमांक मात्र त्या त्या फेरीपुरता असतो. तसे असणेच भाग आहे. थोरली मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली, वडिलांनी दुसरा संसार मांडला आणि आजी राहायला आली, तर पूर्वीचे बिऱ्हाड नेमके कोणते, हे कोण ठरवणार? याउलट भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या 2004-05 च्या पहिल्या फेरीनंतर 2011-12 मध्ये त्याच बिऱ्हाडांना आणि त्यांतून फुटून त्याच गावात किंवा शहरात राहिलेल्या बिऱ्हाडांना पुन्हा भेट देण्यात आली. तिथे बिऱ्हाडांचा पाठपुरावा म्हणणे योग्य ठरेल. ब्रिटिश सर्वेक्षणासाठी ‘बिऱ्हाडनिहाय पाठपुरावा सर्वेक्षण’ हे मला बरे वाटते, कारण निवड बिऱ्हाडांनुसार झाली एवढेच ‘निहाय’ सांगते, त्यापुढे काही दावा करत नाही.

उरलेल्या शब्दांबद्दल थोडक्यात. ‘वेव्ह’साठी लाट नको, लाट उष्णतेची किंवा साथीची. ‘फेरी’ हा शब्द तयार आहे, पण फेरीला वर्ष समजू नये, कारण या सर्वेक्षणाच्या एका फेरीचे काम 24 महिने चालते आणि पहिली संपण्याआधी पुढची सुरू होते. 10 ते 15 वयाच्या मुलांना ‘तरुण’ किंवा ‘युवा’ म्हणू नये. आपल्या 2014 च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे 15 ते 29 वर्षांची व्यक्ती, आणि या सर्वेक्षणातही सोळा वर्षे पूर्ण झाली की मूल मोठ्यांच्या प्रश्नपत्रिकेकडे जाते. ‘किशोरवयीन’ हा शब्द पुरेसा आहे. लोक मध्येच सर्वेक्षण सोडतात त्यासाठी ‘गळती’ चांगला शब्द असला, तरी मुलांच्या संदर्भात लोकांना आधी शाळागळती आठवते, म्हणून ‘सर्वेक्षणातील गळती’ असे पूर्ण लिहावे.

‘वेलबीइंग’साठी तुम्ही योजलेला ‘स्वास्थ्य’ हा शब्द मला मान्य आहे. ‘कल्याण’ म्हटले की समाजकल्याण खाते आठवते, मुंबईत तर आधी रेल्वे स्थानक. अडचण आहे ती ‘स्वास्थ्याचे गुण’ या प्रयोगात. मराठीत गुण वाढले म्हणजे चांगले झाले, मग ते परीक्षेतले असोत वा स्वभावातले. पण या मुलांना हसऱ्या ते रडव्या अशा सात चेहऱ्यांतून एक निवडायचा असतो आणि त्यात 1 म्हणजे पूर्ण आनंदी, तर 7 म्हणजे मुळीच आनंदी नाही. त्याच प्रश्नपत्रिकेत काही फेऱ्यांत येणाऱ्या 25 विधानांच्या ‘बलस्थाने आणि अडचणी’ प्रश्नावलीतही एकूण अडचणींची बेरीज 0 ते 40 असते आणि बेरीज जितकी मोठी, तितकी परिस्थिती बिकट. इतरांशी आपुलकीने वागण्याबद्दलची पाच विधाने या बेरजेत धरलीच जात नाहीत. त्यामुळे दुसऱ्या मापाला ‘अडचणींचा आकडा’ म्हणावे, आणि पहिल्याला ‘आनंदाचा गुणांक’ म्हणायचेच असेल, तर आधी मापपट्टी उलटी करून घ्यावी व तसे तक्त्याच्या खाली नोंदवावे.